दहावा सूचक

“ही सही कुनाची रं, नाथाजी?”

कृष्णातआप्पानं झेरॉक्सचा कागद स्टार्टरच्या पेटीवर ठेवून शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. मोटार चालू होती, त्यामुळं त्याला ओरडून विचारावं लागलं. ते त्याला आवडलं नसावं. उपसा सिंचन संस्थेचा हा सचिव आयुष्यभर हळू बोलूनच कामं उरकत आला होता.

नाथाजीनं हात पुसून कागद डोळ्यांजवळ धरला. दहा ओळी, दहा नावं, दहा सह्या. शेवटी ‘नाथाजी खोत’. ‘थ’ जरा पोट सुटल्यासारखा आणि ‘जी’ची वेलांटी पाइपाच्या बाकासारखी पार उजवीकडं वळलेली.

“माझीच की.”

“काय?”

“माझी म्हंतोय!”

“मोटार बंद कर. बोलायचंय.”

पाण्याची पाळी अर्ध्यावर असताना मोटार बंद करायचा हुकूम सचिवानं दिल्याचं नाथाजीच्या पंपावरच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत हे पहिलंच उदाहरण. एरवी पंपावर माणूस मेला असता तरी आप्पानं आधी सरी भरून घेतली असती. नाथाजीनं बटण दाबलं. नदीकाठ एकदम शांत झाला, आणि कृष्णात आपल्या आवाजात आला.

“उद्या अकराला छाननी हाय, तहसील कचेरीत. तू यायचंस आन ही सही माझी न्हाई म्हनून सांगायचं.”

“पर आप्पा, माझी हाय.”

“ते मला नगं सांगू. तुझ्या तीनशे बहात्तर सह्या पगाराच्या रजिस्टरवर माझ्या कपाटात हायत.”

गोष्ट अशी होती. विधानसभेला आमदार वीरधवलदादांच्या विरोधात या खेपेला नदीकाठच्या गावांतून कुणी उभंच राहिना. जे राहणार होते ते एकेक करून दादांच्या चहाला गेले आणि दादांचा गमछा घालून परत आले. राहता राहिल्या क्रांतीबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, मूलबाळ नाही. हातात एक कापडी पिशवी आणि पिशवीत माहितीच्या अधिकाराचे अर्ज. संस्थेच्या पाणीपाळ्यांचं वेळापत्रक फळ्यावर लावायला त्यांनीच भाग पाडलं होतं. त्यांनी अपक्ष अर्ज भरला. त्या निवडून येणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि दादांनाही. पण मागच्या वेळी दादा दोन हजार नऊशे मतांनी निघाले होते, आणि नदीकाठच्या पाच गावांत बाई चार हजार मतं खातील असा अंदाज होता. ती मतं कुणाच्या ताटातली, हे दादांनी बरोबर ओळखलं होतं.

पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, मतदारसंघातले, सह्यांनिशी. बाई शंभर दारं फिरल्या. “बाई, मत देतो, पर सही मागू नगा. मत कुनाला दिसत न्हाई, सही दिसती,” असं लोक तोंडावर सांगत. तरी नऊ जमले. दोन पेन्शनीतले फौजी, ज्यांचं आता कुणीच काही वाकडं करू शकत नव्हतं. तीन बाईंचे सख्खे चुलतभाऊ. दोन भाऊ असे, ज्यांचा दादांच्या मेव्हण्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू होता. आणि किराणा दुकानवाल्या चंपाबाई आणि त्यांचा मुलगा, कारण उधारी सगळ्या गावाची त्यांच्याकडं, त्यांची कुणाकडंच नाही.

दहावा नाथाजी. दहांत गमावण्यासारखं काही असलेला हा एकटाच, आणि तो आपणहून गेला होता. बाई त्याच्या दारात आल्याच नव्हत्या. त्यानंच त्यांना पाणंदीत अडवून विचारलं, “माझी चालंल का, बाई?”

“तुमची नको, नाथाजी. तुमच्या शिवांजलीचं काम दादांकडं अडकलंय.”

“ऱ्हाऊ द्या की. सही तर तुमीच शिकिवलीया.”

आणि त्यानं पेन मागून घेतलं. बाईंनी वकिलाच्या सांगण्यावरून अर्जाच्या दोन प्रती केल्या होत्या. त्यानं दोन्हींवर केली. अकरावा माणूस मिळाला नाही म्हणून दोन्ही प्रतींत दहावं नाव तेच राहिलं.

दादांसाठी कृष्णातनं नेमकं ते हेरलं होतं. नऊ दगडांना हात लावून बघण्यात त्यानं वेळ घालवला नाही.

“शिवांजलीची कायमची ऑर्डर टाइप झालीया,” तो म्हणाला. “म्या सोता बघितली. दादांची सही तेवढी राहिलीया. आता तूच सांग, तू त्यांच्या इरोधात सही करायची आन त्यांनी तुझ्या पोरीसाठी करायची, ह्यो कुठला न्याव?”

वाईट याचं वाटलं की क्षणभर नाथाजीला हा न्याय पटला. शिवांजली दादांच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स होती. नऊ वर्षं, अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर. नवऱ्यानं टाकल्यावर तिनं तिथल्या नोकरीवरच दोन पोरी वाढवल्या होत्या.

“मग असं म्हंतो,” नाथाजी चाचपडत म्हणाला, “सही येती मला, पर ही माझी न्हाई.”

कृष्णात हसला. “येडा हायस का? साहेब पेन देनार, म्हननार, करून दाव. हात खोटं बोलत न्हाई गड्या. तुझी वेलांटी आंधळाबी वळखंल. त्यापरीस येतच न्हाई म्हनायचं. आंगठा लावतो म्हनायचं. मग ताडून बगायला काय ऱ्हातंय? वकिलानं समदं टाइप करून ठिवलंय.”

उठताना त्यानं मायेनं नाथाजीच्या पाठीवर हात ठेवला. “आन मोटार चालू कर. पानी खोळंबलंय लोकांचं.”

नाथाजी सही शिकला त्याला एकतीस वर्षं झाली होती. नोकरीचं ते पहिलंच वर्ष. तेव्हा साक्षरतेचं वारं होतं आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची क्रांती गावातल्या अडाण्यांची यादी घेऊन फिरत होती. पंप सोडून वर्गाला येता येत नाही, असं नाथाजीनं सांगितलं. त्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेल्यावर ही पंपावर हजर. “लाइट नसताना काय करता?” “निजतो.” “मग उठा.” खडूनं पंपाच्या भिंतीवर ‘ना’ काढला. रोज लाइट जायची, रोज ती यायची. एकेचाळीस दिवस लागले. वेलांटी काही वळेना, तेव्हा तिनं डिलिव्हरी पाइपाकडं बोट दाखवलं, “तसा बाक द्या.” पगाराच्या रजिस्टरवर पहिली सही केली त्या दिवशी नाथाजीनं घरी येऊन बायकोच्या, शालूबाईच्या हाताखालचं पीठ सारलं आणि परातीत बोटानं नाव काढून दाखवलं. पुढं तो वाचायलाही शिकला, हळूहळू, ओठ हलवत. एसटीच्या पाट्या, खताच्या पोत्यांवरचा मजकूर, लग्नपत्रिकांतली खालची बारीक अक्षरं. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ हेसुद्धा सोडत नसे.

घरी आल्यावर त्यानं शालूबाईला सगळं सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

“बाईला सांगून बगा,” ती म्हणाली. “ती दुसरं नाव घालंल.”

“मुदत गेली. आता नाव घालता येत न्हाई, नुसतं काढता येतंय.”

“ह्यो कसला कायदा?”

तेवढ्यात फोन वाजला. शिवांजली होती. आवाज इतका हलका की नाथाजीला वर्षानुवर्षांत ऐकल्याचं आठवेना. “आण्णा, मेट्रन म्हनाल्या पेढं आन म्हनून! ऑर्डर टेबलावर हाय म्हनं. तुमी काय बोलला व्हता का कुनाला?”

“न्हाई,” नाथाजी म्हणाला. “आपसूक झालं असंल.”

फोन ठेवल्यावर शालूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. “सदरा कुठला घालनार उद्या?” एवढंच तिनं विचारलं.

कचेरीच्या व्हरांड्यात कृष्णात आणि वकील उभे होते. वकिलानं प्रतिज्ञापत्र पुढं केलं. ‘मी अशिक्षित असून मला लिहिता-वाचता येत नाही. मी कधीही सही करत नाही. सदर अर्जावर माझ्या नावापुढं केलेली सही माझी नाही...’ नाथाजी चौथ्या ओळीवर होता तेव्हा कृष्णातनं कोपर मारलं.

“वाचतोस काय रं? ओठ बंद ठिव.”

वकिलाच्या कारकुनानं त्याचा अंगठा धरला, पॅडवर घोळवला आणि कागदावर दाबला. कुठला हात धरला हेही नाथाजीच्या लक्षात आलं नाही. इंजेक्शनच्या वेळी बघतात तसा तो दुसरीकडं बघत होता.

आत निवडणूक अधिकारी एकेक अर्ज पुकारत होते. क्रांतीबाईंचा आला तसे दादांचे वकील उठले. हरकत वाचून झाली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“नाथाजी खोत कोण?”

“म्या.”

“ही सही तुमची?”

“न्हाई, साहेब.”

“तुम्हाला सही करता येते?”

“न्हाई.”

खोलीत माणसं बरीच होती. त्यातली निम्मी त्याला सही करताना बघितलेली.

क्रांतीबाई उभ्या राहिल्या. “साहेब, संस्थेचं पगाराचं रजिस्टर मागवा. एकतीस वर्षांच्या सह्या आहेत त्यात.”

“रजिस्टर ऑडिटला गेलंय,” कृष्णात मागून म्हणाला.

“मग बँकेतली सही बघा. मी उद्यापर्यंत आणते. कायद्यात उद्यापर्यंतची मुदत मिळते.”

साहेब थोडे थांबले. मुदत देता येत होती. त्यांच्या समोरच्या पुस्तकात तसं होतं. “मुदत देतो,” ते म्हणाले, “पण मग सह्या ताडून बघाव्या लागतील. आणि प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर या गृहस्थांवर गुन्हा दाखल होईल. बोला, काय करायचं?”

बाई वळल्या. नाथाजी भिंतीला टेकून उभा होता. शालूबाईनं काढून दिलेला लग्नाकार्याचा पांढरा सदरा, आणि त्याच्या खालच्या कडेला शाईचा डाग, त्यानं तिथं अंगठा पुसला होता. त्याला वाटलं, आता ही विचारणार. विचारलं असतं तर तो बोललाही असता कदाचित. तेवढ्यासाठीच तो ती बोलायची वाट बघत होता.

बाईंनी पिशवीत कागद भरले.

“नऊच आहेत म्हणून लिहा, साहेब,” त्या म्हणाल्या. “एक कमी पडला.”

साहेबांनी दोन्ही प्रतींवर ‘नामंजूर’ लिहिलं आणि खाली झोकदार सही केली.

ऑर्डर चौथ्या दिवशी आली. शिवांजलीनं फोनवर फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. नाथाजीनं पंपावर बसून ती दोनदा वाचली. दादांची सही होती. वर मात्र ‘पुढील अकरा महिन्यांकरिता’ असं होतं. ‘कायम’ हा शब्द त्यानं सगळीकडं शोधला, शिक्क्यातही शोधला.

तो तसाच संस्थेच्या कचेरीत गेला. पाच-सहा सभासद बसले होते.

“आप्पा, ऑर्डरीत कायम न्हाई. अकरा म्हैनंच हाय.”

“आचारसंहिता हाय रं बाबा. आता कायमचं करता येत न्हाई. निकालानंतर बगू.”

“पर आचारसंहिता सरकारी नोकरीला असती. ट्रस्टला कशी काय? पेपरात...”

कृष्णातनं पेन खाली ठेवलं. हळू बोलणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“पेपरात? तुला रं कुनी वाचून दावला पेपर?”

कुणीतरी हसलं. नाथाजी दारातच उभा होता.

“पोरीनं,” तो म्हणाला.

“मग पोरीलाच इचार. आन हे बग, पुढच्या म्हैन्यापास्नं रजिस्टरवर आंगठा करत जा. नवीन घातलंय. पॅडबी आनून ठिवलाय.”

मतदानाला नाथाजी सकाळीच गेला. शालूबाई म्हणाली होती, नका जाऊ. पण न गेलेला माणूस गावात गेलेल्यापेक्षा जास्त दिसतो. प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या खोलीत केंद्र होतं. पुरुषांची रांग एकीकडं, बायकांची दुसरीकडं. दारातला पोलीस एक बापई, एक बाई असं आत सोडत होता. खोलीत एजंटांच्या बाकावर कृष्णात याद्या पसरून बसला होता. भिंतीवर लावलेल्या उमेदवारांच्या यादीत सात नावं होती. आठवं, बाईंचं, असतं तर तेही त्याच यादीत असतं, एवढाच विचार नाथाजीच्या मनात आला.

पहिल्या अधिकाऱ्यानं नाव पुकारलं. कृष्णातनं यादीत खूण केली. दुसरीनं नाथाजीच्या डाव्या तर्जनीला शाई लावली, रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं आणि पेन दिलं. कोवळी मास्तरीण होती कुठलीतरी, लांबून आलेली. तिला काही माहीत नव्हतं.

नाथाजीनं पेन घेतलं. बोटांत ते नेहमीसारखं बसलं. समोर त्याच्या नावाची ओळ होती आणि ओळीच्या शेवटी रिकामा चौकोन. बाकावर कृष्णात यादीतून मान वर करून बघत होता.

नाथाजीनं पेन आडवं ठेवलं.

“आंगठा,” तो म्हणाला.

मास्तरणीनं पॅड उघडलं. त्यानं हात पुढं केला. तिनं तो बघितला आणि ती जरा गोंधळली. तोही गोंधळला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. मागं त्याच्यानंतरच्या मतदार बाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या कापडी पिशवीचा कोपरा त्याच्या कोपराला लागत होता. वळून बघायची त्याला गरज नव्हती.

“डावा, नाथाजी,” क्रांतीबाई हलकेच म्हणाल्या, भिंतीवरची वेलांटी सुधारायच्या त्याच आवाजात. “अंगठा डाव्या हाताचा देतात.”

नाथाजीनं उजवा हात मागं घेतला आणि डावा पुढं केला.