वरची डॉक्टरीण, खालचा डॉक्टर

सोमवारी नेवेनाला दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि मंगळवारी तिची गर्भाची पिशवी काढून टाकायची होती. ही गोष्ट गावात तिघांनाच ठाऊक होती: ती स्वतः, तिचा नवरा वुकाशिन आणि डॉक्टर ओब्राद. सासूला सांगितलं होतं पित्ताचे खडे. खडे ही कशी सभ्य गोष्ट. चारचौघांत बोलता येतात, काढल्यावर बाटलीत भरून पाहुण्यांना दाखवताही येतात.

पिशवीच्या तोंडाशी काहीतरी घट्ट, लाकडासारखं उगवलं होतं. ओब्रादने दोनदा तुकडा काढून तपासायला पाठवला. दोन्ही वेळा उत्तर तेच: कॅन्सरच्या पेशी नाहीत, नुसती सूज आणि कसलासा गुलाबी, निर्जीव थर. तुकडा काढला तिथे ते पुन्हा उगवलं, आधीपेक्षा जास्त. ओब्राद म्हणाला, तुकडा भलत्या जागेचा आला असणार, खरा चोर आत दडलाय. जोखीम नको, सगळंच काढून टाकू. नेवेना चौतीस वर्षांची, मूल नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे तिच्या तोंडून 'बरं' एवढंच निघालं. घरी येऊन मात्र न्हाणीघरातला नळ सोडून ती पोटभर रडली.

मूल का नाही, याचं निदान सासूबाई रादोयका यांनी केव्हाच करून ठेवलं होतं: पोरगी शाळेत असताना थंड सिमेंटवर बसली असणार. पाववाल्या बाईचं आणि टपालवाल्याचंही तेच मत होतं. या निदानाला तुकडाबिकडा काढावा लागत नाही.

मोरावा नदीकाठच्या या गावात डॉक्टरकडे जायचं ते ओळखीने. ओब्राद सासऱ्यांचा शाळासोबती, म्हणून त्याच्याकडे. आणि एका डॉक्टरपुढे दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. नवऱ्यापुढे जुन्या प्रियकराचं कौतुक करतं का कोणी? लहानपणापासून नेवेनाच्या डाव्या पापणीखाली एक पांढुरका, कडक पापुद्रा धरायचा, आणि माहेरच्या शेजारीण, डोळ्यांच्या डॉक्टर ल्युबिंका, तो काढायच्या. हल्ली तो पुन्हा धरला होता. डोळ्यावर बट ओढून ती गप्प बसली. ओब्रादला हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. सहा महिने तो तिला तपासत होता, पण तिच्या तोंडाकडे बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

आणि शनिवारी आला संत लुकाचा दिवस, घरची स्लावा. कुळाच्या संताचा सण. स्लावेला आमंत्रण नसतं. एकदा आलेला माणूस मरेपर्यंत दरवर्षी येतो. पाद्री सणाचा पाव कापून, तीन पेले रिचवून पुढच्या घरी गेला होता. ओब्राद टेबलाच्या टोकाला बसला होता आणि शेजारी, आता निवृत्त झालेल्या आणि खाण्याला नाही न म्हणणाऱ्या ल्युबिंकाबाई. रादोयका सुनेवर डोळा ठेवून होत्या.

"डुकराला हात लावू नकोस हं! खडे आहेत तुझ्यात."

नेवेना सार्म्याचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थबकली. राकियाच्या कडक दारूने ओब्रादची जीभ सैल झाली होती.

"नाव सांगणार नाही, धर्म आहे आपला. पण एक बाई आहे माझ्याकडे. लाकूड हो, लाकूड! कापलं की पुन्हा उगवतं."

ल्युबिंकाबाईंनी हाड खाली ठेवलं. "नाव मीही सांगणार नाही. पण माझ्याकडे एक मुलगी होती. हेच. डोळ्यात."

"डोळ्यात वेगळं, बाई."

"कसलं वेगळं? जखमेवर खपली धरते ना? ती विरघळवणारं द्रव्यच या लोकांच्या रक्तात कमी असतं. खपलीवर खपली चढते, लाकूड होतं. जितकं खरवडाल तितकं माजतं. पुस्तकात आहे, हिरड्यांवर येतं, घशात येतं, क्वचित तुझ्या मुलखातही येतं."

"माझ्या मुलखात काय येतं ते आता तुम्ही शिकवणार? तुम्ही पापण्या बघा."

"जन्मभर पापण्याच बघितल्या. तू तुझ्या बाईच्या कधी बघितल्यास?"

"पिशवीच्या पेशंटच्या पापण्या कशाला बघू? मग डोक्यात कोंडा आहे का तेही विचारतो!"

टेबल खदखदून हसलं. नेवेना दारातच उभी होती. गप्प राहिलं तर अब्रू शाबूत, आणि मंगळवारी पिशवी बादलीत. बोललं तर सासूपुढे, दिरांपुढे, अख्ख्या गावापुढे आपल्या त्या जागेची चर्चा. तिला भयंकर भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. तिने पातेलं धाडकन टेबलावर आपटलं.

"ती बाई मी आहे," ती म्हणाली. "आणि ती मुलगीसुद्धा मीच."

वुकाशिनच्या हातातली सुरई तिरपी झाली आणि वाइन टेबलाच्या कापडावर सांडली.

"कुठली बाई?" रादोयका म्हणाल्या. "तुझे तर खडे काढायचेत!"

"खडे नाहीत, आई. मंगळवारी पिशवी काढणार आहेत."

मग रादोयका उठल्या आणि त्यांनी ओब्रादच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

"माझ्या घरात बसून, माझा सार्मा खाऊन, माझ्या सुनेची पिशवी काढतोस? बघ. आत्ताच्या आत्ता बघ तिला."

"रादोयका, इथे? सगळ्यांसमोर?"

"डोळा बघ, मेल्या!"

नेवेनाने बट मागे सारली आणि दोन बोटांनी पापणी उलटी केली. वुकाशिनने मोबाइलचा उजेड धरला. ओब्रादने चष्मा पुसला, वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याची सगळी राकिया उतरली होती.

"तोच थर," तो म्हणाला. "रंगसुद्धा तोच."

"आधी रक्त तपासायला पाठव बेलग्रेडला," ल्युबिंकाबाई म्हणाल्या. "सुरी ठेव खाली."

ओब्रादने मान डोलावली. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा.

"मी ती काढून टाकणार होतो," तो हळूच म्हणाला. "चांगली पिशवी." मग पहिल्यांदाच नेवेनाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं, पोरी."

नेवेनाचे गाल भिजले होते. तिने ते पुसले नाहीत. तिने खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी त्याच्यासमोर बसली.

"मग विचारा आता," ती म्हणाली. "मी उठणार नाही."