लट्टू डावीकडेच वळतो

कुरिअरवाल्याने सोलापूरजवळच्या कुंभारीत आमचं घर शोधायला पुन्हा पुन्हा फोन केला आणि प्रत्येक वेळी मी त्याला म्हणाले, "तिथंच थांबा, मीच पळत येते." तो थांबला नाही आणि मीही थांबले नाही. शेवटी आम्ही दोघं पाण्याच्या टाकीभोवती एकमेकांच्या मागे फेऱ्या मारत होतो. खोका हातात आला तेव्हा मला धाप लागली होती आणि एक चप्पल कुठेतरी मागे राहिली होती.

खोक्यात लट्टू होता. लट्टू म्हणजे हातात धरून खेळायचं नवं यंत्र. त्यावर गेम खेळा, पिक्चर बघा, गाणी ऐका. अजून बाजारातही आलेलं नव्हतं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या धम्मप्रियाने ते माझ्याकडे पारखायला पाठवलं होतं, कारण असल्या वस्तूंचे मी मराठीत व्हिडिओ करते. चॅनेलचं नाव 'उत्कर्षा उघडते'. हसू नका, बघणारे वाढताहेत.

"हे जमलं तर पुढची प्रत्येक वस्तू आधी तुझ्याकडे येईल, रीतसर काम म्हणून," धम्मप्रिया फोनवर म्हणाली होती. "पण गोड बोलू नकोस, खरं बोल."

गोड बोलण्याचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही.

हे काम जमणं मला फार गरजेचं होतं, कारण अप्पांनी माझं परस्पर ठरवून टाकलं होतं. माझे वडील जोतीराम, म्हणजे अप्पा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. बंद पडलेले माग ते दुरुस्त करतात. मालक रावसाहेबांना त्यांनी शब्द दिला होता की दसऱ्यापासून पोरगी तुमच्या ऑफिसात बसेल, बिलं करील. "शिकलीस, आता काम कर. खेळ लई झाला," असं ते मला म्हणाले. मी दिवसभर कॅमेऱ्यासमोर घसा कोरडा करते, त्याला आमच्या घरात खेळ म्हणतात. मला त्याचा इतका राग यायचा की मी भाकरीसुद्धा कडाकडा मोडायचे.

तर मी लट्टूच्या मागे हात धुऊन लागले. ऐन उन्हात गच्चीवर नेऊन पडदा दिसतो का बघितलं. दिसतो, फक्त बघणाऱ्याला भोवळ येते. अक्कलकोटच्या एसटीत उभ्याने खेळून बघितलं, तर शेजारच्या बाई कानडीत मला सूचना द्यायला लागल्या. मला निम्म्याच कळल्या, तरी मी जिंकले. बॅटरी तपासायला लट्टू आईकडे दिला. आई टॉवेलांना शिलाई मारता मारता मालिका बघते. लट्टूवर तिने इतके भाग बघितले की टॉवेलांचा गठ्ठा संपला, मालिकेतली सासू सुधारली, पण बॅटरी संपली नाही.

आवाज तपासायला मी थेट अप्पांच्या कारखान्यात गेले. माग चालू असताना तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसतात. मी लट्टूचा आवाज पूर्ण वाढवला, कान लावला, कमी केला, पुन्हा वाढवला. काही ऐकू येईना. पण तिथे देवाने हाक मारली तरी ऐकू येणार नाही, म्हणून मी मार्क कापले नाहीत. कामगार हसत होते. अप्पा मात्र हातातला पाना तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, लाज वाटली असेल.

रात्री जेवण झाल्यावर अप्पांना मोटारीची शर्यत लावून दिली. वळण आलं की ते स्वतःच अख्खे वाकायचे, आई ताट घेऊन बाजूला सरकायची. मागून गाडी आली की अप्पा रस्त्याच्या कडेला घ्यायचे.

"अप्पा, शर्यत आहे ही."

"जाऊ दे की त्येला फुडं. आपल्याला कुटं घाई हाय?"

सगळ्यात शेवटी पोचले आणि खूश झाले, कारण गाडीला एक ओरखडा नव्हता. लट्टू परत देताना म्हणाले, "खेळणं झ्याक हाय." खेळणं. मी लट्टू खोक्यात घातला आणि झाकण गरजेपेक्षा जोरात दाबलं.

खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे रावसाहेबांचं ऑफिस. धम्मप्रियाला संध्याकाळपर्यंत व्हिडिओ हवा होता. मी उशिरा उठले तोवर घरची पूजा आटोपली होती. अप्पा मागांच्या पूजेला कारखान्यात गेले होते, आई शेजारी नागूबाईंकडे. मी आंघोळ केली, केस विंचरले, कॅमेरा लावला, खोक्यातून लट्टू काढला आणि शर्यत सुरू केली.

गाडी डावीकडे वळली. मी उजवीकडे नेली, ती डावीकडे आली. गाडी वळवायच्या दांडीवरून मी बोट काढलं तरी डावीकडेच. कठड्याला घासत, ठिणग्या उडवत, गोल गोल. बंद करून चालू केला तरी तेच. मग मात्र माझा तोल गेला. मी धम्मप्रियाला आवाजी निरोप पाठवला. चांगला लांब. त्यात मी म्हणाले की तुमची दांडी खराब आहे, गाडी आपली आपण वळते, सोलापूरचं ऊन सोसत नसेल तर तसं खोक्यावर छापा, आणि व्हिडिओत मी हे सगळं असंच सांगणार आहे. निरोप गेला. मला फार बरं वाटलं.

मग म्हटलं, आरोप करायचा तर पुरावाही हवा. नाक्यावर पंचाक्षरीअण्णांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिकडे गेले. अण्णा अक्कलकोटकडचे, निम्मं कानडीच बोलतात. त्यांनी दांडी हलवली, भिंग लावलं, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून फटीत फिरवली. काडी लालभडक होऊन बाहेर आली.

"येनिदु?" अण्णा म्हणाले, आणि काडी माझ्यापुढे धरली. "हे काय हाय अक्का?"

"गंज?"

अण्णांनी वास घेतला. मग चिमट्याने फटीतून काहीतरी पांढरं हळूच ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता.

"कुंकू हाय. आन ह्या अक्षता," अण्णा म्हणाले. "पूजा चलो झालीया, लई चांगली."

दांडी साफ झाली, गाडी सरळ धावायला लागली आणि माझं तोंड उतरलं. पाठवलेला निरोप धम्मप्रियाने ऐकलेला दिसत होता. दुकानाच्या पायरीवर बसून मी तिला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की दोष तुमचा नाही, आमच्या घरात कुणीतरी तुमच्या यंत्राला कुंकू लावलं. पलीकडे शांतता. मला वाटलं गेलं काम. मग लक्षात आलं, बाईला हसण्यामुळे बोलता येत नव्हतं.

"आमच्या लोकांनी त्यावर पाणी ओतलं, धूळ उडवली, उंचावरून पाडलं," ती शेवटी म्हणाली. "कुंकू कुणालाच सुचलं नाही गं. हे व्हिडिओत घेच. आणि चूक झाल्यावर स्वतःहून फोन करणारं माणूस मला सोडायचं नाहीये."

मी घरी कशी आले ते विचारू नका. रस्ता होता की नव्हता, मला आठवत नाही. पण दारात आले आणि तांदळाचा दाणा आठवला. आनंद आनंदाच्या जागी, राग रागाच्या जागी. आई परत आली होती.

"आई, लट्टूला कुंकू लावायचं काय अडलं होतं?"

"मी न्हाय लावलं," आई म्हणाली. "मी पुसून खोक्यात ठिवलं, तू वरडशील म्हून. तुज्या अप्पानं लावलं."

"अप्पांनी? खेळण्याला?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "खंडेनवमीला खेळणी कोन पुजतं, बाई? माजी मशीन, कातरी, त्यांचा पाना, आन तुजं ते. पाटावर वळीनं मांडलं व्हतं की त्यांनी."

तेवढ्यात अप्पा आले. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाचा पुडा. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी आधी पुडाच माझ्या हातात दिला.

"रावसाब इचारत व्हते, उद्या येती का पोरगी," चपला काढता काढता अप्पा म्हणाले. "मी म्हनलं, न्हाय येत. तिचं काम चालू हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं? धम्मप्रियाला फोन तर मी आत्ता केला."

"कोन धम्मप्रिया?" अप्पा म्हणाले. "तू कारखान्यात आल्तीस न्हवं का. दाबायचीस, कान लावायचीस, परत दाबायचीस. मानसं हसत व्हती तरी तुजं ध्यान न्हाय. मी माग बघतो तसंच की. तवाच कळलं मला, खेळणं आसंल, पर तुजं ह्ये काम हाय."

मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम येताना माझा चेहरा फार वाईट दिसतो. तो लपवायला मी घाईघाईने कॅमेरा नीट करायला लागले आणि लट्टू हातात घेतला. अप्पांनी तो अलगद काढून घेतला, शर्टाला पुसला आणि पाटावर पान्याशेजारी ठेवला.

"आज न्हाय. अवजार आज चालवत नसत्यात."

"अप्पा, संध्याकाळपर्यंत व्हिडिओ द्यायचाय."

"मग कळीव त्येंला."

भांडायची माझी हौस कुठे गेली कुणास ठाऊक. मी पुण्याला कळवलं की व्हिडिओ उद्या मिळेल, आज लट्टूला सुट्टी आहे आणि मलाही.