पेलिकन गुंडाळणारा टॉवेल

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे पुढचं ऐकायला मोकळे. मी एक जुना टॉवेल आहे आणि माझ्या अंगाला माशांच्या ओकारीचा वास येतो.

माझी पहिली तीन वर्षं इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात गेली. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. उन्हानं भाजलेल्या पाहुण्यांच्या तेलकट पाठी पुसायच्या, एवढंच काम. मग माझ्यावर एक डाग पडला आणि हॉटेलानं मला टेकडीवरच्या निसर्ग केंद्राला दान करून टाकलं. दानाचा फोटोसुद्धा काढला.

केंद्रात तीन खोल्या. पुढच्या खोलीत शाळेची मुलं पक्ष्यांविषयी शिकायला यायची. मधल्या खोलीत पक्ष्यांचा अभ्यास चाले, त्यांची वजनं घेत, पायात क्रमांकाची कडी घालत. मागच्या खोलीत जखमी पक्षी असत, आणि मीही तिथलाच. तिथलं सगळं सोराइदा बघायची. ती मला पेलिकनच्या डोक्यावरून टाकायची, कारण डोळे झाकले की पक्षी शांत होतो. चोच मात्र बोटभर उघडी ठेवायची, पेलिकन तोंडानंच श्वास घेतो म्हणून. "हा टॉवेल नसता तर माझी निम्मी बोटं गेली असती," असं ती सगळ्यांना सांगायची. मला फार बरं वाटायचं. विष्ठा, पू, अर्धवट पचलेले मासे, मी सगळं अंगावर घेतलं. कधी किळस आली नाही.

किळस आली ती एव्हारिस्तोची. हा सोराइदाचा सख्खा मामा, धक्क्यावर मासे कापणारा, तिथला एकटाच डावखुरा. मोठ्या कुपा माशाचं मांस काढून झालं की उरलेला सांगाडा तो पेलिकनांपुढे भिरकावी. भुकेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, ही त्या धक्क्याची जुनी रीत. पेलिकन झोंबत, पाहुणे टाळ्या पिटत. केंद्राच्या प्रमुख मिरेयाबाईंनी तर त्याचा फोटो पुढच्या खोलीत लावला होता, खाली लिहिलं होतं 'पेलिकनांचा बाप'. आणि त्याच सांगाड्यांनी गळे फाटलेली त्याची लेकरं मागच्या खोलीत माझ्यात गुंडाळलेली असत. पुढे टाळ्या आणि मागे ओकाऱ्या. शिसारी यायची नुसती.

"मामा, हाडं टाकू नकोस. कितीदा सांगायचं?" सोराइदा म्हणायची.

"माझ्या आज्यापासून टाकतोय आम्ही. एक तरी पक्षी माझ्यासमोर मेलाय का?"

"तुझ्यासमोर कशाला मरतील? खडकाआड जाऊन मरतात."

"तुमच्या त्या कड्यांनी मरत असतील. पायात बेड्या घालता आणि अक्कल मला शिकवता."

मिरेयाबाई मग सोराइदालाच बाजूला घेत. "त्यांना दुखवू नकोस गं. निम्मे पाहुणे त्यांचं नाव ऐकून टेकडी चढतात."

सत्तावीस नंबरची एक पेलिकन मादी होती. दोनदा गळ्यात हाड अडकून आली, दोनदा सोराइदानं तिला वाचवून सोडलं. त्या वर्षी तिनं समोरच्या बेटावर पहिलं घरटं केलं होतं, दोन पिल्लं होती. सोराइदाचा सगळा जीव त्या घरट्यात अडकलेला. आणि ती तिसऱ्यांदा आली, नेमकी पुढच्या खोलीत एव्हारिस्तोचा सत्कार होता त्या दिवशी.

मागच्या खोलीत पक्षी धरायला दुसरं कुणी नव्हतं. सोराइदा मादीला माझ्यात गुंडाळून सरळ पुढच्या खोलीत गेली. मुलांचं गाणं थांबलं.

"मामा, धर हिला."

"आत्ता?"

"आत्ताच. घट्ट धर."

त्यानं धरलं. सोराइदानं लांब चिमटा गळ्यात घातला आणि हळूहळू हाड बाहेर ओढलं. शेपटाकडच्या टोकाला ते तिरकं कापलेलं होतं, पण बाकीचे कापतात त्याच्या उलट बाजूनं.

"धक्क्यावर डाव्या हातानं कोण कापतं, मामा?"

तो हाडाकडे बघत राहिला. माझ्यातून रक्त झिरपून त्याच्या नव्या सदऱ्यावर उतरलं. मादीचं काळीज माझ्या सुताला धडधडत लागत होतं. मग ते लागेनासं झालं.

"मुलांना बाहेर न्या," मिरेयाबाई शिक्षिकेला हळूच म्हणाल्या.

"राहू द्या. बघू दे त्यांना," एव्हारिस्तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "हिची पिल्लं?"

"बेटावर. आता त्यांना कोण भरवणार?"

"मी टाकतो त्यांना..." तो सवयीनं बोलून गेला.

समुद्र खवळलेला होता. दुसऱ्या दिवशी दोघं होडीनं बेटावर पोचली तेव्हा घरट्यावर गिधाडं बसली होती.

एव्हारिस्तो आता हाडं झाकणाच्या पिंपात टाकतो. पेलिकन येऊन पिंपावर चोची आपटतात, पाहुणे त्याला दगडाच्या काळजाचा म्हणतात, तो ऐकून घेतो. सत्काराला वाजलेल्या टाळ्यांची मला अजून शिसारी येते, त्याची मात्र आता येत नाही.

मित्रांनो, कुणालाही घास घालण्याआधी त्याचा गळा केवढा आहे ते बघा. नंतर मला बोलावून उपयोग नसतो.