फाटकापाशी खाल्लेली तणीस

"बैलाईनं खाल्ली म्हणजे? कोणाच्या बैलाईनं?"

"आपल्याबी, मागच्या गाडीवाल्याईच्याबी."

"अन् तू काय करत होता, लहान्या?"

"फाटकवाल्याशी भांडून राहिलो होतो."

प्रयागमावशीनं हातातला संत्रा खाली ठेवला. मागं संत्र्याच्या शेठच्या आवारात तिच्या टोळीतल्या, पेट्या भरणाऱ्या बाया रिकाम्या पेट्याईपाशी बसल्या होत्या. एक हसली. मावशीनं पाह्यलं तशी थांबली.

सकाळी पेट्याईत घालायले गाडीभर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घेऊन मी रेल्वे फाटकापाशी आलो, तं फाटक पडलेलं. मालगाडीचे डबे पुढं जात, मागं येत. बैल उन्हात उभे, म्हणून सोडले. अन् फाटकवाल्याले जाऊन विचारलं, तुह्या बापाचा रस्ता आहे का. त्यानं ऐकवलं, मी ऐकवलं. वापस आलो तं रांगेतले सगळे बैल माह्या गाडीले लागलेले. अर्धी तणीस पोटात, अर्धी शेणात.

अन् जो डबा फाटकात आडवा होता, त्याच्यावर खडूनं आमच्याच शेठचं नाव. हेच संत्रे त्याच्यात भराचे.

"आपलाच डबा होता, मावशी. मंग तणीस कोणं अडवली?"

"तेच सांग शेठले. म्हणजो, संत्रे कलकत्त्याले नागडे पाठव."

पेटीत तणीस नाई तं संत्रे ठेचते. एक सडला का बाजूचेबी सडते. अन् आज डबा भरला नाई तं शेठ उद्यापासून जरीपटका वस्तीतल्या दुसऱ्या बाया लावणार, हे त्यानं आधीच ऐकवून ठेवलेलं. मंग मावशीची टोळी बहारभर घरी.

आवारात एकच गाडी उरली होती, कळमेश्वरकडच्या रामाजीबुवाची. संत्रे उतरवून झाले होते, पण खाली तणीस गच्च, रस्त्यानं माल ठेचू नये म्हणून घातलेली. मी तोंड उघडायच्या आधी मावशी तिकडे चाललीबी.

"नाई देत बाई," रामाजी तोंडातली बिडी न काढता म्हणे. "माह्या बैलाईची वापसीची वैरण आहे ते. राती निंगालो, दमले ते. उपाशी गाडी कशी ओढतीन?"

मावशीनं त्याच्या बैलाईकडे पाह्यलं. मंग माह्या बैलाईकडे. माहे दोघं डोळे मिटून रवंथ करत उभे, लग्नातून जेवून आल्यासारखे.

मंग तिनं माह्याकडे पाह्यलं.

"काहून पाहून राहिली? मी नाई जात. कळमेश्वर का इथं आहे?"

"तू नको जाऊ. तुहे बैल जातीन."

"त्याईले कोण हाकन?"

"ते तुमचं तुम्ही तिघं पाहून घ्या."

रामाजीनं बिडी काढली. "म्हणजे माहे मागं बांधू?"

"मागं बांधा. नुसते चालतीन, घरी जाऊन खातीन. गाडी हे ओढतीन." माह्या बैलाच्या पोटावर तिनं थाप मारली. "याईनं खाल्ली आहे ना, तं याईलेच ओढू द्या."

रामाजी माह्या बैलाईभोवती एक चक्कर मारून आला. खूर पाह्यले. माहा चेहरा पाह्यला.

"पोरगा तापट दिसते," तो म्हणे.

"बैल नाईत," मावशी म्हणे.

तेवढ्यात बाया त्याच्या गाडीत चढल्याबी होत्या. तीच तणीस घालून आता पेट्या ठोकून राहिल्या. पयल्या पेट्या डब्याकडं गेल्या. रामाजी माह्या शेजारी बसून दुसरी बिडी पेटवून राहिला.

डबा भरला का त्याच फाटकातून निंगन, फाटक पुन्हा पडन, अन् आमचा रस्ताबी तोच. गाडीत खायले आता काहीच नाई. त्याच्याआधी मले निंगा लागते.