मुसाइदच्या नावावर

‘प्रत्येक माणसाचं नाव वेगळं टाका,’ असं गस्सानने बशायरला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. शुवैखच्या दुकानात व्यायामाची यंत्रं विकण्याआधी गस्सान पंधरा वर्षं दमास्कसला लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे सोडवत होता. त्यामुळे त्याच्या बोलण्यात दुकानदारी कमी आणि दवाखाना जास्त असे. बशायरला तो तिकडच्या रीतीने ‘उम्म लुलवा’, म्हणजे लुलवाची आई म्हणायचा.

‘उम्म लुलवा, हे मशीन माणूस ओळखत नाही, नाव ओळखतं. नावापुढे जे वय लिहिलं असेल, त्याच्या हिशेबाने शाबासकी देतं. पाहुणा जरी बसला, तरी आधी त्याचं नाव, वय, वजन.’

बशायर हो हो म्हणाली आणि तिने ते कानाआड केलं. तिचं सगळं लक्ष त्या लांब रुळाकडे होतं, ज्यावर बसायची गादी मागेपुढे सरकते. आठ महिन्यांची लुलवा आता रांगायला लागली होती. त्या रुळात तिचं बोट गेलं तर? बशायर स्वतःचं बोट घालून बघत होती, पेन्सिल घालून बघत होती. गस्सान वयाबद्दल बोलत होता आणि ती बोटांबद्दल विचारत होती.

तशी ती डोळ्यांत तेल घालून राहणारी बाई. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेली. बाळ झाल्यावर ते सगळं शिक्षण बाळाच्या झोपेच्या तासांवर आणि घरातल्या माणसांच्या तब्येतींवर लागलं होतं. मुसाइद, तिचा नवरा, चौतिसाव्या वर्षीच साखरेच्या उंबरठ्यावर उभा होता. तिची स्वतःची कंबर बाळंतपणानंतर धड झाली नव्हती. गच्चीवरच्या खोलीत घरचं जिम करायचं ठरलं आणि त्यात पहिलं यंत्र रोइंगचं घ्यायचं, कारण वल्हवताना म्हणे अख्खं अंग हलतं. महिनाभर तिने लोकांची मतं वाचली. शेवटी दोन यंत्रं उरली. एक लाकडी, पोटात पाण्याची टाकी असलेलं. ओढलं की खरं पाणी घुसळल्याचा आवाज येतो, बाकी त्याला काही बोलता येत नाही. दुसरं भलत्याच किमतीचं, समोर दरवाजाएवढी स्क्रीन. तिच्यावर कुठल्यातरी नदीत शिकवणारी बाई खरोखर होडी वल्हवते, तुम्ही तिच्यामागे वल्हवता, दंडाला बांधलेला पट्टा तुमचे ठोके मोजतो, आणि कड निळी, हिरवी किंवा लाल होते. हिरवी म्हणजे उत्तम. लाल म्हणजे पुरे.

लाकडी यंत्राचा आवाज लुलवाच्या झोपेला चालेल का, या प्रश्नावर तिचे चार दिवस गेले. मग गस्साननेच सुचवलं, स्क्रीनवालं चौदा दिवस घरी ठेवून बघा, नाही पटलं तर उचलून नेऊ.

बुधवारी मशीन आलं. गच्चीवरच्या खोलीची फरशी अजून ओली होती, म्हणून ते तात्पुरतं खाली दिवाणियात ठेवलं. दिवाणिया म्हणजे घराच्या पुढच्या अंगाची पुरुषांची बैठक. सुर्रातल्या त्या घराच्या दिवाणियाला रस्त्यावर वेगळं दार होतं आणि ते दार कधी लावलेलं कोणाला आठवत नव्हतं. आल्यागेल्याने आत येऊन बसावं, थर्मासमधला कहवा ओतून घ्यावा, घरचं कोणी नसलं तरी. सासऱ्यांच्या वडिलांपासूनची ही रीत. सासरे म्हणजे यूसुफ, गावासाठी बू मुसाइद, मुसाइदचा बाप. बशायर त्यांना काका म्हणायची. त्रेसष्ट वर्षांचे, तेल कंपनीतून निवृत्त, सासूबाई गेल्यापासून खालच्या मजल्यावर एकटे. त्यांचं जेवणखाण, गोळ्या, चष्मा, सगळ्यावर बशायरची नजर असायची आणि तिची नजर चुकवण्यात ते पटाईत झाले होते.

मशीन बघून काका म्हणाले, आमचे आजोबा मोत्यांच्या गलबतावर वल्ही मारून पोट भरायचे, नातवाचा मुलगा पोट उतरवायला मारतोय, तेही गालिच्यावर.

पहिला मंगळवार आला. मंगळवारी दिवाणियात तीस-चाळीस माणसं जमायची. बशायरला भिंतीपलीकडून फक्त हसणं ऐकू आलं. नंतर मुसाइदने सांगितलं की प्रत्येकजण दिशदाशा, तो पायघोळ झगा, कमरेला खोचून मशीनवर बसला, पाचशे मीटरची शर्यत लागली, आणि काकांचा शाळेपासूनचा दोस्त बू जर्राह पहिला आला. काका शेवटून दुसरे. बू जर्राह सगळ्यांदेखत म्हणाला, तुझ्या आजोबांच्या होडीत तू असतास तर मोती अजून समुद्रातच असते. पुढच्या मंगळवारी पुन्हा शर्यत लावायचं ठरलं.

नावं वेगळी टाकली का, असं बशायरने विचारलं सुद्धा. मुसाइद तिच्याकडे बघतच राहिला. ‘भरल्या बैठकीत मी बू जर्राहला वजन विचारू? आणि वय? लोक म्हणतील, या मुलाला बापाने काही शिकवलं नाही.’

यातलं खरं तिलाही कळत होतं. घरी आलेल्या वडीलधाऱ्याला असला प्रश्न कोण विचारतं? सगळे मुसाइदच्याच नावावर वल्हवले होते. झालं ते झालं, असं म्हणून ती लुलवाला भरवायला गेली.

पुढचे दिवस चांगले गेले. खातं बशायरनेच उघडलं होतं, म्हणून तिच्या फोनवर निरोप यायचे: मुसाइद वल्हवतोय. मुसाइदची फेरी पूर्ण. ती कडेवरच्या बाळाला सांभाळत ते वाचायची आणि सुखावायची, नवरा मनावर घेतोय म्हणून. वेळ बघायचं तिला सुचलं नाही. त्या दिवसांत तिच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. काकांचा दात दुखत होता. नाश्त्याला ते एकाच बाजूने चावायचे, मधेच खालचा जबडा चोळायचे. तिने दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली. ते म्हणाले, बघू, मंगळवार होऊ दे.

सोमवारी सकाळी साडेदहाला तिने मुसाइदला कार्यालयात फोन लावला, लुलवाच्या लसीबद्दल विचारायला. तो बोलत असतानाच तिच्या फोनच्या माथ्यावर पट्टी आली: मुसाइद वल्हवतोय. ठोके १५८.

‘तू कुठे आहेस?’

‘बंदरावर, कार्यालयात. का?’

तिने फोन ठेवला. जिना उतरताना तिला पहिल्यांदा चोर आठवला, मग मशीनच बिघडलंय असं वाटलं, आणि शेवटच्या पायरीवर आठवलं: घरात दिवसा पुरुष एकच असतो.

काका गंजिफ्राक आणि लुंगीवर होते. सून दारात दिसताच त्यांनी दांडा सोडून लुंगी सावरली. बशायरने भिंतीकडे तोंड केलं. थोडा वेळ दोघंही असे, एकमेकांकडे न बघता, आणि स्क्रीनवरची बाई इंग्रजीत म्हणत होती की आपण फार सुंदर चाललो आहोत, अजून थोडा जोर.

‘बू जर्राहला सांगशील तर बघ,’ काका म्हणाले. आवाज तुटत होता. ‘सहा दिवस झाले. रोज हिरव्यात असतो मी. ती बाईसुद्धा म्हणते.’

‘काका, हिरवा तुमचा नाही. मुसाइदचा आहे.’

‘मुलाचं ते बापाचं.’

तिने वळून बघितलं. ते जबडा चोळत होते, डाव्या बाजूचा. तिला इतक्या दिवसांत जे दिसत होतं, तेच ती आता निराळ्या जागेवरून बघत होती.

‘दात कधी दुखतो, काका? जेवल्यावर?’

‘जेवल्यावर नाही.’ ते विचार करून सांगू लागले, कारण माणूस प्रामाणिक होता. ‘वल्ही मारली की दुखतो. थांबलो की थांबतो.’ मग हसले. ‘दाताला बरं कळतं.’

तेवढं बोलून त्यांचं हसू तसंच राहिलं. त्यांनाही ऐकू आलं होतं ते काय बोलले.

इस्पितळात जाऊ म्हटल्यावर मात्र ते हटून बसले. उद्या मंगळवार, तीस माणसं येणार. रुग्णवाहिका दारात आली तर सगळी गल्ली गोळा होईल. बुधवारी जाऊ. बशायरला रडू येत होतं, पण रडण्याने हा माणूस हलायचा नाही हे तिला माहीत होतं. तिने कडेवरच्या लुलवाला गालिच्यावर बसवलं, स्क्रीनवरून नवीन नाव उघडलं आणि लिहिलं: यूसुफ, त्रेसष्ट. वजन विचारलं. एरवी जन्मात सांगितलं नसतं, त्या क्षणी त्यांनी सांगितलं. मग तिने नुकतीच झालेली फेरी मुसाइदच्या नावावरून त्यांच्या नावावर हलवली. कड तळापासून वरपर्यंत लाल झाली.

‘दोनशे वीसमधून वय वजा करायचं,’ ती म्हणाली. ‘तुमचे एकशे सत्तावन्न. तुमच्या वयाला जेवढे ठोके म्हणून असतात तेवढे सगळे तुम्ही सहा दिवस खर्च करताय. ढोबळ हिशेब आहे, पण वल्हवलं की जबडा दुखतो, हे ढोबळ नाही. तो दात नाही, काका, हृदय आहे.’

काकांनी पुढे वाकून त्या लाल कडेवर बोट ठेवलं. ‘रोज?’

‘रोज.’

ते उठले, दिशदाशा घालून आले. तिने इस्पितळात फोन करून विचारलं तर पलीकडून रुग्णवाहिकेचाच आग्रह झाला, आणि यावेळी काकांनी वाद घातला नाही. फक्त एवढं म्हणाले, भोंगा वाजवू नका म्हणावं. लुलवा शेजारणीकडे सोडून बशायर मागोमाग गाडी घेऊन गेली. प्रत्येक सिग्नलला तिला वाटत होतं की लाल दिवा मुद्दाम रेंगाळतोय.

हृदयाच्या दोन वाहिन्या बंद होत आल्या होत्या. त्याच दुपारी त्या उघडल्या. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून. काका म्हणाले, मला तर दात दाखवायचा होता.

मंगळवारची बैठक इस्पितळाच्या व्हरांड्यात भरली. बू जर्राह आला तो आधी शिव्या देत आणि मग डोळे पुसत. कोणी म्हणालं मशीनने म्हाताऱ्याला मारलं असतं, कोणी म्हणालं मशीननेच वाचवलं. मुसाइद म्हणाला, ते आजच्या आज परत करून टाक. बुधवारी गस्सानचा फोन आला, चौदा दिवस झाले, काय ठरलं?

बशायरने तेच मशीन ठेवलं. लाकडीवाल्याने काकांना खोटी शाबासकी दिली नसती, हे खरं. पण त्याने तिच्या फोनवर निरोपही धाडला नसता. मात्र ते गच्चीवर, कुलपाआड. आणि नावं वेगळी. गस्सानला तिने सगळं सांगितलं. तो ‘मी म्हणालो होतो’ असं काही म्हणाला नाही. म्हणाला, मुसाइदचं पान पुसून कोरं करा, त्यातले आकडे आता कुणाचेच नाहीत.

पुसण्याआधी तिने ते वाचलं, संख्याशास्त्र शिकलेली बाई न वाचता काही पुसत नाही. मुसाइदच्या फेऱ्या रात्रीच्या जेवणाआधीच्या. शर्यतीच्या ओळखू आल्या, सगळ्या एका संध्याकाळच्या, दोन-तीन मिनिटांच्या. काकांच्या सहा, सकाळी साडेदहाच्या. एवढं वेगळं काढून चार उरल्या.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. दुपारी चारच्या सुमाराला, असरच्या नमाजानंतर. त्या वेळी काका झोपलेले असत, मुसाइद कामावरून येऊन वर पाय पसरून पडलेला असे. दांड्याची ओढ मुसाइदच्या ओढीपेक्षा आखूड. ठोके दीडशेच्या आसपास, आणि ज्याचं वय माहीत नाही त्याच्या दीडशे ठोक्यांचा अर्थ कोणाला लावता येणार? पण तिला झोंबलं ते दुसरंच. काका दुखायला लागलं की थांबायचे, ती खाच त्यांच्या प्रत्येक फेरीत दिसत होती. तशीच खाच इथेही होती. माणूस थांबतो, दोन मिनिटं बसून राहतो, पुन्हा वल्हवतो. गुरुवारी तो आठव्या मिनिटाला थांबला होता. शुक्रवारी सहाव्या. शनिवारी पाचव्या. रविवारी साडेतीन मिनिटांतच.

कोणीतरी उघड्या दाराने येऊन मंगळवारच्या शर्यतीची चोरून तयारी करत होतं, काकांसारखीच. रविवारनंतर तो आलेला नाही.

मुसाइदने एकेकाला विचारलं. बू जर्राहने कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली. बाकीचे हसले, मी कशाला, देवाच्या कृपेने ठणठणीत आहे. चोरून सराव केला हे चारचौघांत कोण कबूल करील? आणि त्या बैठकीला येणारे सगळेच ओळखीचे नसतात. कोणी कोणाचा मेहुणा असतो, कोणी पाहुण्याचा पाहुणा. बशायर त्यांना ओळखत नाही. तिने त्यांची तोंडंसुद्धा पाहिलेली नाहीत. तिच्याकडे फक्त चार फेऱ्या आहेत आणि त्या ती अजून पुसू शकलेली नाही. बाळाला भरवताना, गाडी चालवताना तिच्या डोक्यात तेच फिरतं: आठ, सहा, पाच, साडेतीन.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी, बाप, भाऊ, नवरा, मंगळवारी सुर्राला बू मुसाइदच्या दिवाणियात जात असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. ‘कसे आहात’ असं विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येकाला पाठ असतं. दुपारी चारला कुठे जात होतात, असं विचारा. वल्हवताना काय दुखत होतं आणि थांबल्यावर थांबत होतं का, ते विचारा. तो हसेल, विषय बदलेल. तरी उठू नका.