कुठली बायको?

"परवा माझी बायको मला म्हणते..." मी माइकवर पहिलाच विनोद सुरू केला. समोर पहिल्या रांगेत आमच्या ऑफिसची रिसेप्शनिस्ट होती. तिला मी मोठ्या आशेने बोलावलं होतं. 'बायको' ऐकताच ती पर्स उचलून ताडकन उठली.

"कुठली बायको रे?" मागून माझी आत्या ओरडली. हिला पास देताना माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

"आत्या, विनोद आहे तो! गप्प बस!"

"का गप्प बसू? घोडा झालास, तरी एक मुलगी तुला हो म्हणत नाही!"

लोक खो खो हसले. माझ्या विनोदांना लेकाचे कधी असे हसले नव्हते! माझं डोकंच फिरलं. पण बघतो तर रिसेप्शनिस्ट हसत हसत पुन्हा खुर्चीत बसत होती.

"आत्या," मी ओरडलो, "जरा मोठ्याने! पहिल्या रांगेत नीट ऐकू आलं नाही!"