दोन अर्जांवरचा शिक्का

मित्रांनो, टेबलाच्या खणात गंजलेल्या टाचण्यांशेजारी एक रबरी शिक्का पडून आहे, तो मी. माझ्यावर आमदार रंगनाथरावांचं नाव आहे. आता रबराला भेगा पडल्यात.

बहात्तरच्या निवडणुकीनंतर आठच दिवसांत नगरच्या एका दुकानात माझा जन्म झाला. माझे मालक आधी सरपंच, मग पंचायत समितीचे सभापती आणि तेव्हा नुकतेच पाथर्डीकडचे आमदार झालेले. माणूस जीव लावणारा. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हा त्यांचा नेमच. शाई वाळली की ते मला तोंडाची वाफ देत आणि अर्जावर दाबत. चारचौघांत माझं कौतुक करत, तेव्हा मी फुगून जायचो.

त्याच वर्षी पावसाने दडी मारली आणि दुष्काळी कामांसाठी अर्जांची रीघ लागली. एका सकाळी लंकाबाई आली.

“सायेब, आमच्या भीमाला, सुनंला, सातवा म्हैना हाय. तीन कोस चालत खडी फोडाया जाती. गावातच तलावाचं काम काढा. जमत नसंल तर तसं सांगा, तिला म्हायेरी कर्जतला धाडते.”

“कशाला धाडता, मावशी? तलाव आलाच म्हणून समजा.”

मी तिच्या अर्जावर उमटलो. लंकाबाईने तो कागद कपाळाला लावला.

दुपारी शेजारच्या गावचे गहिनीनाथ त्याच तलावासाठी आले. मंजूर होणार होता एकच तलाव, हे मालकांना ठाऊक होतं. पण ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे. मी त्याही अर्जावर उमटलो, तितकाच ठसठशीत.

आमदारांची शिफारस नेमकी कोणत्या गावाला, असा खुलासा कचेरीने मागवला आणि दोन्ही अर्ज गावांना परत पाठवले. एक नाव लिहायचं तर दुसरं गाव तुटणार. म्हणून कचेरीचं ते पत्र महिनाभर माझ्या शेजारी तसंच पडून राहिलं. भीमा रोज चालत राहिली. एके दिवशी रस्त्यातच बाळंत झाली. मूल वाचलं नाही.

लंकाबाई पुन्हा आली. रडली नाही, भांडली नाही. परत आलेला अर्ज तिने टेबलावर ठेवला.

“ह्यो तुमचा कागद. शिक्का लई चांगला उठलाय.”

ती गेल्यावर मालकांनी खुलाशात तिच्या गावाचं नाव लिहिलं. तलाव मंजूर झाला. भीमा तिथं पाट्या वाहायला जायची, असं कुणीतरी सांगितलं. मालकांनी पुढचा अर्ज समोर ओढला. मलाही काही वाटलं नाही. रबराला काय वाटणार, असं म्हणायची सोय आहे. पुढे आमदारकी गेली आणि मी खणात आलो.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. तो दाबण्याआधी कागद वाचा. जमणार नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणा. त्या सकाळी मालक ‘नाही’ म्हणाले असते, तर लंकाबाई चार शब्द बोलली असती आणि दुसऱ्या दिवशी भीमाला कर्जतच्या एसटीत बसवून आली असती.